काकांचे फॉरवर्ड, ॲडमिनचं टेन्शन आणि दोन मित्रांचा अबोला

यावेळी आलेल्या पत्रांत नवराबायको आणि सासूसुना कमी, राजकारण आणि व्हॉट्सॲप जास्त. तर तेच घेते.

प्रश्न : ताई, आमच्या घरच्या ग्रुपवर धाकटे काका दिवसभर काहीबाही टाकत असतात, अमुक समाजाची लोकं असं करतात, मुलं पळवणारी टोळी आलीये वगैरे. मी एकदा ते खोटं असल्याची लिंक टाकली तर काका म्हणाले शिकून जास्त शहाणी झालीस. मग काकूचा आईला फोन, आणि आता आई म्हणते तू गप्प बस. बसू का गप्प? — एक पुतणी, सांगली

उत्तर : गप्प नको बसूस, पण ग्रुपवर वाद घालणं सोड. लिंक बरोबरच असणार गं, पण तू ती टाकलीस अख्ख्या खानदानासमोर, त्यात काकांचे व्याही आले, जावई आले, आणि त्या घटकेला काकांना मेसेज खरा का खोटा याच्याशी काही घेणं नव्हतं, जावयासमोर पुतणीने आपल्याला खोटं पाडलं एवढंच त्यांना दिसलं. तिथे कुणीच मागे हटत नाही, तू पण हटली नसतीस. त्यापेक्षा फोन कर आणि नुसतं विचार, काका हे तुम्हाला कुणी पाठवलं हो? बहुतेक वेळा उत्तर येतं 'वॉकच्या ग्रुपवर आलं होतं'. मग मेसेजवरचे दोन बाण दाखव, ते दिसले म्हणजे हा मेसेज पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलाय, मूळ कुणाचा ते पाठवणाऱ्यालाही माहीत नाही. एका फोनने माणूस बदलत नाही, पण पुढच्या वेळी पाठवताना तुझी आठवण येते, तेवढं पुरे.

नेत्यांवरचे जोक, हळदीचे उपाय, हे सोडून दे. मुलं पळवणाऱ्या टोळीचं मात्र सोडायचं नाही आणि तिथे फोनबिनची वाट पण बघायची नाही, सरळ ग्रुपवर लिहायचं, काका रागावले तर रागावले. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता, तिथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. मुलं पळवणारी टोळी आलीये ही अफवा आधीपासून मोबाईलवर फिरत होतीच, जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत घालून ठेचून मारलं. त्याच काळात मोटरसायकलवरून मूल उचलून नेण्याचा एक व्हिडिओ देशभर फिरत होता, तो मुळात कराचीतल्या एका संस्थेची मुलांच्या सुरक्षिततेची जाहिरात, शेवटी मूल परत आणून देतात तो भाग कुणीतरी कापून टाकलेला. पुढे त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा जाहीर केली. आईला हे वाचून दाखव.

प्रश्न : मी सोसायटीच्या ग्रुपचा ॲडमिन आहे (कुणी तयार नव्हतं म्हणून). इलेक्शनपासून ए विंग आणि बी विंग नुसती भांडतायत, एकाने फारच घाण पोस्ट टाकली आणि दुसरा मला म्हणतो पोलिसात जाईन, तुझ्यावर पण केस होईल. खरंच होते का? — त्रासलेला सेक्रेटरी, पुणे

उत्तर : दुसऱ्याने टाकलं आणि तुम्ही ॲडमिन आहात, एवढ्यावर तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या अशाच एका प्रकरणात मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये ॲडमिनविरुद्धचा खटला रद्द केला होता. मेंबर काय टाकणार ते ॲडमिनला आधी कळत नाही आणि अडवताही येत नाही, दोघांनी मिळून ठरवून केल्याचं दिसलं तरच त्याला ओढता येईल, असं कोर्टाचं म्हणणं होतं. पण म्हणून हातावर हात ठेवून बसू नका, कारण आता ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, 2021 मध्ये ती सोय नव्हती. घाण पोस्ट उडवा, आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि उडवायचं तर दोन्ही विंगचं उडवा नाहीतर उद्या तुम्हीच कुठल्यातरी पक्षाचे ठराल. पाणी, लिफ्ट, पार्किंगच्या ग्रुपवर फक्त ॲडमिनने लिहायचं असं सेटिंग करून टाका. भांडायची हौस असणाऱ्यांना वेगळा ग्रुप काढू द्या, त्याचे ॲडमिन तुम्ही होऊ नका म्हणजे झालं.

प्रश्न : माझा लहानपणापासूनचा मित्र शिवसेनेचा, मी राष्ट्रवादीचा. 2019 च्या विधानसभेला फेसबुकवर आमची जुंपली, मी रागात त्याच्या वडिलांच्या कर्जावरून कॉमेंट टाकली. तेव्हापासून अबोला आहे. नंतर तो शिंदेसाहेबांकडे गेला, मी अजितदादांकडे. आता काय करू? — नाशिककर

उत्तर : अरे देवा. तुम्ही ऑक्टोबर 2019 ला भांडलात आणि 28 नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंचा शपथविधी झाला, सेना आणि राष्ट्रवादी एकाच सरकारात! मग जून 2022 ला सेना फुटली, 2 जुलै 2023 ला राष्ट्रवादी फुटून शिंदेंच्या सरकारात गेली, 5 डिसेंबर 2024 ला आझाद मैदानावर तुमच्या मित्राचा नेता आणि तुमचा नेता दोघांनी एकाच स्टेजवर उपमुख्यमंत्रीपदाची शपथ घेतली. सगळे तिथे हसत फोटो काढत होते आणि तुम्ही दोघं नाशकात रस्त्याच्या दोन बाजूंनी जाताय. नेत्यांना नावं ठेवून उपयोग नाही, युती-आघाड्या करणं हा त्यांचा धंदाच आहे, तुम्ही त्यात वडिलांना का आणलं? मित्र तुमच्या पक्षामुळे तुटलेला नाहीये हो, कर्जाची गोष्ट त्याने तुम्हाला विश्वासाने सांगितली असणार आणि तुम्ही ती चारचौघांत वाचून दाखवलीत. कॉमेंट अजून असेल तर आज काढा. मग त्याच्या घरी जा, वडील असतील तेव्हाच जा, आणि फक्त त्या एका वाक्याबद्दल माफी मागा, 'तू पण मला असं म्हणाला होतास' हे चुकूनही तोंडातून काढू नका. पक्षाचा विषय त्याने काढला तरी चहा घ्या आणि उठा.

प्रश्न : बाबा रिटायर झाल्यापासून संध्याकाळभर टीव्हीवरच्या चर्चा बघतात आणि मग जेवताना आमच्याशी पण त्याच आवाजात बोलतात. — डोंबिवली

उत्तर : रिपोर्टर गावोगाव पाठवायला पैसा लागतो, सहा माणसांना आपापल्या घरून कॅमेऱ्यावर बसवून भांडायला लावणं त्यामानाने स्वस्त, म्हणून तो प्रकार रोज असतो, त्यात बाबांचा दोष नाही. टीव्ही बंद करायला सांगू नका, जेवणाची वेळ चर्चेच्या आधी घ्या. आणि सकाळी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या लावून द्या, दहाच मिनिटं असतात आणि त्यात कुणी कुणावर ओरडत नाही.

प्रश्न : शाळेच्या बॅचच्या ग्रुपमधून कुणाला न कळता बाहेर पडता येतं का? — नाव नको

उत्तर : 2022 पासून येतं, लगेच फक्त ॲडमिनला कळतं. पण आधी ॲडमिन कोण आहे ते बघा, बॅचमधली सगळ्यात बोलकी मुलगी असेल तर म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाका आणि आत राहा.