नोटीस ९० दिवसांची, बोलावणं ३० दिवसांत

"नवी कंपनी म्हणते ३० दिवसांत रुजू व्हा, इथे राजीनाम्यानंतर ९० दिवसांचा नोटीस पीरियड. ऑफर सोडून देऊ का?" असं विचारणारे माझ्याकडे वरचेवर येतात. मध्यंतरी आलेल्या एका इंजिनीअरची तर झोपच उडाली होती. न सांगता कामावर जाणंच बंद करावं, इथवर त्याची मजल गेलेली. तिथे मात्र मी त्याला थांबवलं. असं गेलेल्याला रिलिव्हिंग लेटर, म्हणजे कामातून रीतसर मोकळं केल्याचं पत्र, सहसा मिळत नाही, आणि पुढची कंपनी नेमकं तेच मागते.

नेमणूकपत्र मोबाइलवर उघडायला सांगितलं. सही केल्यापासून त्याने ते पाहिलंच नव्हतं. त्यात लिहिलं होतं, उरलेल्या दिवसांचा पगार भरून लवकर मोकळं होता येईल, पण व्यवस्थापनाची संमती हवी. शिवाय मूळ पगार धरायचा होता, एकूण नव्हे. रकमेत बराच फरक पडतो. शिल्लक रजा नोटिशीत वळती होईल का, याबद्दल अक्षर नव्हतं.

कागद लवकर आटोपला. खरी अडचण साहेबांची होती. "त्यांनीच मला शिकवलं. कोणत्या तोंडाने सांगू?" या भिडेपायी कितीतरी जण राजीनामा लांबवतात, आणि हातातले दिवस आणखी कमी करून घेतात.

मग मी साहेब झाले आणि आम्ही ते बोलणं करून पाहिलं. पहिल्या खेपेला तो नुसती स्पष्टीकरणंच देत राहिला. शेवटी दोनच वाक्यं ठेवली: "सर, मी राजीनामा देतोय. कोणतं काम कोणाकडे, किती दिवसांत सोपवता येईल, ते लिहून आणलंय." ऑफर लेटर हातात होतंच. बोलणं झालं की त्याच दिवशी मेल करायचा, कारण नोटीस लेखी राजीनाम्यापासून मोजतात. नव्या कंपनीकडेही मुदत मागायची आणि नोटिशीचे पैसे ती भरेल का, हे विचारायचं ठरलं.

साहेब चिडले. दोन दिवस अबोला, मग पगारवाढीचं आमिष. तो बधला नाही. अखेर रजा धरून ६० दिवसांवर सुटका झाली. नव्या कंपनीने पैसे द्यायला नकार दिला, पण कुरकुरत का होईना, थांबायचं मान्य केलं. रिलिव्हिंग लेटर आणि शेवटचा हिशेब कधी मिळणार, हे त्याने एचआरकडून आधीच मेलवर लिहून घेतलं.