माळ्यावरची थ्री-नॉट-थ्री: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: जुना वाडा उतरवताना आजोबांच्या खोलीच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळलेली रायफल निघाली. बोल्टच्या (काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) मागच्या लोखंडावर मुकुट, जी.आर.आय., ईशापूर आणि 1942 असं कोरलेलं आहे. परवान्याचा कागद सापडत नाही. इतकी जुनी वस्तू अँटिक असते, तिला परवाना लागत नाही, असं गावात सगळे सांगतात. खरं आहे का? (ता. उमरेड)

उत्तर: खरं नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 45 मध्ये सूट आहे, पण ती जुन्या बनावटीच्या किंवा पुरातन मोलाच्या अशा हत्यारांना, जी दुरुस्त करूनही चालणार नाहीत. तिथे वय पाहत नाहीत, हत्यार चालू शकतं का ते पाहतात. तुमची रायफल बंगालमधल्या ईशापूर कारखान्याची ली-एनफिल्ड, म्हणजे ब्रिटिश लष्कराची .303 (थ्री-नॉट-थ्री) रायफल आहे, आणि अशी रायफल गंजली तरी बहुधा दुरुस्त होते. त्यात .303 हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचं माप). त्याचा परवाना जिल्ह्यातून मिळत नाही, केंद्रीय गृह मंत्रालयापर्यंत जावं लागतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगल्यास किमान 7 वर्षांची शिक्षा आहे.

म्हणून आता तिला हात लावू नका. बोल्ट जाम असला की लोक रॉकेल ओतून हातोडीने ठोकतात, तसं तर अजिबात नको. आत 80 वर्षांपूर्वीचं काडतूस अडकलेलं असू शकतं. रायफल भरलेलीच आहे असं धरून खोलीला कुलूप लावा आणि पोलीस ठाण्याला फोन करून त्यांनाच बोलवा. पोत्यात घालून एसटीने ठाण्यात नेऊ नका, विनापरवाना नेणं हाही गुन्हाच. कुठे, कधी, कशी सापडली याचा लेखी अर्ज द्या, पंचनाम्याची प्रत आणि रायफलीचा नंबर लिहिलेली जमा पावती घ्या. त्याआधी वकिलाशी बोललात तर उत्तम.

दरम्यान जुना परवाना शोधा. तो मिळाला तर शस्त्र नियम 2016 प्रमाणे वारसाला अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. मात्र बोअर प्रतिबंधित असल्याने मंजुरीची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

प्रश्न: आमच्याकडे परवान्यावर जुनी एनफिल्ड आहे. दस्त्याचं लाकूड उन्हाळ्यात पांढरं पडतं, पावसाळ्यात नळीवर तांबूस गंज चढतो. पॉलिश पेपरने घासून दस्त्याला वॉर्निश मारावं का? (ता. दारव्हा)

उत्तर: पॉलिश पेपर नको, वॉर्निशही नको. पेपरने गंजाबरोबर कोरीव शिक्केही जातात, आणि या रायफलीचा सगळा इतिहास त्या शिक्क्यांतच असतो. पितळी भांड्यांसारखी बटप्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकाची पट्टी) चिंचेने उजळू नका. आम्ल फटींत राहतं आणि स्क्रू खातं.

आधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा: नळी मातीच्या भिंतीकडे, मॅगझिन बाहेर, बोल्ट उघडा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. मग गंजावर गन ऑइल लावून रात्रभर राहू द्या. सकाळी चार शून्यांची बारीक स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने फिरवा. तांबडी पूड निघाली की थांबा. खालचा तपकिरी-काळा थर गंज थोपवतो, तो काढायचा नसतो.

लाकडासाठी आपल्या भागातलंच जवसाचं तेल घ्या. ब्रिटिश लष्करही या दस्त्यांना जवसाचंच तेल लावत असे. घाण्याचं कच्चं तेल चार-पाच थेंब तळहातावर घेऊन लाकूड कोमट होईपर्यंत चोळा, अर्ध्या तासाने सुती कापडाने पुसून काढा. दोन-तीन दिवस सुकू द्या, मग दुसरा हात. असे तीन-चार हात पुरतात. जास्त तेल ठेवलं की थर चिकट होतो आणि धूळ धरतो. तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चिंधी आपोआप पेटू शकते. आपल्या मे महिन्यात तर धोका जास्तच. ती पाण्यात बुडवा किंवा बाहेर पसरून वाळवा.

एक चूक फार होते. बट, म्हणजे दस्त्याचा मागचा भाग, ढिली वाटली की बटप्लेटच्या झाकणातून लांब पेचकस घालून बट धरून ठेवणारा आतला बोल्ट फिरवतात. जुन्या एनफिल्डमध्ये त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत बसलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता तो फिरवला की तेच लाकूड चिरतं. हे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्या. पुढचं लाकूड सारखं काढू-घालूही नका, बैठक बिघडली की नेम हलतो.

दुसऱ्या रायफलीचा बोल्ट स्वस्तात मिळतो म्हणून बसवू नका. बोल्टच्या दांड्यामागचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर एकच हवा. .303 मध्ये काडतुसाच्या कडेसाठीची जागा साधारण 0.064 ते 0.074 इंच असते. ती वाढली की गोळी सुटताना काडतुसाचं कवच मधून तुटतं आणि तापलेला वायू मागे येतो.

लोकरीच्या किंवा चामड्याच्या गवसणीत रायफल ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. धानाच्या कणगीत तर नकोच. कुलूपबंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, नळीचं तोंड खाली करून ठेवा. तोंड वर असलं की तेल ओघळून बटच्या मानेत मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. श्रावण संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी बघत जा.

प्रश्न: कॉलेजच्या एनसीसीच्या खोलीतल्या रायफलीवर डी.पी. कोरलंय. दुसऱ्या एकीच्या पुढच्या लाकडाभोवती तांब्याची तार गुंडाळलेली आहे. ती दुरुस्ती आहे का? (ता. वरोरा)

उत्तर: डी.पी. म्हणजे ड्रिल पर्पज, फक्त कवायतीसाठी. अशी रायफल गोळी झाडायला नालायक ठरवलेली असते. तार ही दुरुस्ती नाही. नळीच्या तोंडावर कप बसवून हातबॉम्ब फेकायच्या रायफलींना ती गुंडाळत, म्हणजे जोराने लाकूड-नळी फुटली तरी तुकडे उडू नयेत. तार काढू नका, त्या रायफलीनं काय काम केलं याची ती खूण आहे.

प्रश्न: कायद्यात राहून असा संग्रह सुरू करायचा आहे. कुठून करू? (ता. आर्वी)

उत्तर: परवान्यावर आता एकाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाच्या धरून. त्यामुळे दहा-वीस रायफलींचं स्वप्न बाजूला ठेवा. लष्करी एनफिल्डच्या सर्वात जवळची, जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या परवान्यावर मिळू शकणारी रायफल म्हणजे ईशापूरचीच .315 स्पोर्टिंग. बोल्टची रचना ली-एनफिल्डचीच, काडतूस ऑस्ट्रियन मॅनलिखर लष्करी रायफलीच्या 8 × 50 आर वरून आलेलं.

बाकी संग्रह रायफलीशिवायही उभा राहतो: पितळी तेलबाटली, नळी साफ करायची पुल-थ्रू दोरी (दोन्ही बटच्या पोकळीत बसत), पाच काडतुसांची रिकामी चार्जर क्लिप, पट्टे, जुनी प्रशिक्षण पुस्तकं. 1907 पॅटर्नची संगीन घेण्याआधी मात्र पोलीस ठाण्यात विचारा, तिचं पातं 17 इंचांचं असतं. जिवंत काडतूस, कितीही जुनं असो, घेऊ नका.

नागपूरच्या अजबबंगल्यातलं शस्त्रदालन वही घेऊन बघा. कुठलीही एनफिल्ड दिसली की आधी उजव्या बाजूचा बट सॉकेट (बट बसते तो लोखंडी भाग) वाचा: कारखाना, साल, मार्क (आवृत्तीचा आकडा). मार्क III च्या पुढे तारा (*) असेल तर मॅगझिन कट-ऑफची पट्टी (मॅगझिनमधली काडतुसं अडवणारी) आणि डावीकडची दूर पल्ल्याची साईट सहसा नसते, पहिल्या महायुद्धाच्या घाईत ती काढून टाकली. तारा आहे आणि साईटही आहे, तर सुटे भाग नंतर बसवले असण्याची शक्यता धरा आणि नंबर जुळवून बघा.