लघवीत जंतू आहेत, मग अँटिबायोटिक का नाही?

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे आहेत. खुब्याच्या ऑपरेशनपासून १२ दिवस लघवीची नळी आहे. लघवी गढूळ दिसली म्हणून कल्चर (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) केलं, त्यात ई. कोलाय नावाचे जंतू आले, १ लाखाच्या वर कॉलनी (जंतूंचे पुंजके). ताप नाही. तरी डॉक्टर अँटिबायोटिक देत नाहीत. ही हयगय तर नाही ना?

उत्तर : हयगय नाही, डॉक्टरांचं बरोबर आहे. नळी असली की दर दिवसामागे साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत जंतू शिरतात. महिनाभरात जवळजवळ सगळ्यांच्याच. नळीच्या आतबाहेर ते बुळबुळीत थर धरतात आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. त्रास नसताना अँटिबायोटिक दिलं तर साधे जंतू मरतात, दाद न देणारे उरतात. गर्भवती किंवा मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया व्हायची आहे अशा रुग्णांचं वेगळं. नुसत्या गढूळपणावरून किंवा वासावरून संसर्ग ठरत नाही.

१००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, हुडहुडी, ओटीपोटात किंवा कुशीत दुखणं, अचानक बरळणं यांपैकी काही दिसलं, तर मात्र लगेच सिस्टरना सांगा. तेव्हा तपासणीसाठी लघवीचा नमुना पिशवीतला नको, तिथे साचलेल्या लघवीत जंतू वाढत राहतात. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर आधी ती बदलावी आणि नव्या नळीतून, औषधाच्या पहिल्या डोसाआधी, नमुना घ्यावा. औषध लवकर लागू पडलं तर बहुधा ७ दिवस पुरतात.

आणि राउंडच्या वेळी रोज विचारा, “नळी आज काढता येईल का?” संसर्ग टाळायचा याहून खात्रीचा उपाय नाही. विचारायला अजिबात संकोचू नका.

प्रश्न : पिशवीची काळजी कशी घ्यावी?

उत्तर : पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. वर-खाली होणाऱ्या कठड्याला अडकवू नका, पलंगाच्या पक्क्या दांडीला अडकवा. एक्स-रेला नेताना पिशवी हमखास रुग्णाच्या पोटावर ठेवली जाते आणि लघवी उलटी मूत्राशयाकडे जाते. म्हणून निघण्याआधी ती रिकामी करून घ्या. एरवी दोनतृतीयांश भरली की रिकामी करायची: आधी हात धुवायचे, भांडं त्याच रुग्णाचं, तोटी भांड्याला टेकवायची नाही. नळी आणि पिशवीचा जोड उगीच सोडू नका. मूत्रद्वाराजवळ रोज साबण-पाणी पुरे, जंतुनाशक नको. नळी मांडीला पट्टीने बांधा, ओढ बसली की आत जखम होते.

लघवी उतरायची थांबली तर आधी नळी दुमडलीय का, अंगाखाली दबलीय का ते पाहा. तसं नसेल तर सिस्टरना बोलवा. प्रोटियस नावाचे जंतू लघवी अल्कधर्मी करतात, तिच्यात खडे धरतात आणि नळी आतून बुजते. अशी नळी बदलावीच लागते.