बेटावर सगळं एकेकच असतं

तुम्ही विचारलंय की दोघांचंही काम ऑनलाइन आहे, शहराचा कंटाळा आलाय, सुट्टीत दोनदा उष्ण प्रदेशातल्या एका बेटावर जाऊन आलात आणि आता तिथंच कायमचं राहायला जायचं चाललंय, तर कोणी सांगत नाही असे तोटे कोणते. मी आणि माझा नवरा अशाच एका छोट्या बेटावर चार वर्षं राहिलोय म्हणून लिहिते. समुद्र सुंदर होता, माणसं चांगली होती, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण जायच्या आधी एक गोष्ट मला कोणीतरी समोर बसवून सांगायला हवी होती, की बेटावर सगळं एकेकच असतं. एक बोट, एक दवाखाना, फ्रिज दुरुस्त करणारा एक माणूस, इंटरनेटची एक केबल. शहरात एक बंद पडलं की आपण दुसरीकडे जातो, इतकं सहज की ते लक्षातही येत नाही. बेटावर ते दुसरं नसतंच.

आमचा फ्रिज दुसऱ्या वर्षी बंद पडला. मेकॅनिकने दहा मिनिटांत दोष शोधला, मागचा सर्किट बोर्ड गंजला होता. पार्ट बाहेरून येणार, आठवड्याला एक बोट, त्यात समुद्र खवळलेला म्हणून सलग दोन फेऱ्या रद्द, तिसऱ्या फेरीत औषधं आणि गॅस सिलिंडर आधी चढले आणि आमचं खोकं धक्क्यावरच राहिलं, असं करत करत सात आठवडे गेले. बोट चुकली की दुकानात आधी भाजी-अंडी संपतात, मग दूध पावडर. जुने रहिवासी घाबरत नाहीत कारण त्यांच्या घरात महिनाभराचा साठा असतो. तो साठा ठेवायचा असतो हे आम्हाला रिकामी फळी बघून कळलं.

आणि तो बोर्ड गंजला कशाने, तर हवेने. खाऱ्या हवेबद्दल सगळे बोलतात पण ती रोजच्या जगण्यात किती शिरते ते राहिल्याशिवाय कळत नाही. सकाळी खिडकीच्या काचेवर बोट फिरवलं की बोटाला पांढुरका चिकट थर यायचा. बिजागऱ्या, कात्रीचा स्क्रू, कुलूप, लॅपटॉपचा चार्जिंग पोर्ट, सगळ्याला तो लागतो. त्यात दमट हवा, म्हणजे कपाटात ठेवलेल्या चामड्याच्या बुटांवर दोन आठवड्यांत हिरवी बुरशी, पुस्तकांची पानं लाटेसारखी वाकलेली. घर विकत घ्यायचं मनात असेल तर छताकडे नीट बघा. मीठ सिमेंटमधून आत झिरपतं, आतली सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि स्लॅब आतून फोडते, त्यामुळे वरून नुसता रंग दिलेलं घर दिसतं चांगलं पण पोपडे पडायला लागले की दुरुस्ती संपत नाही. कॅरिबियनमध्ये तर 2011 पासून सरगॅसम नावाचं समुद्री शेवाळ ढिगांनी किनाऱ्याला लागतंय, ते कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू सुटतो, त्याने डोकं दुखतंच आणि एसीचं तांबंही खराब होतं. सुट्टीच्या फोटोत हे नसतं.

इंटरनेटचं तुमच्यासाठी मुद्दाम सांगते कारण तुमची रोजीरोटीच त्यावर आहे. टोंगा देशात 15 जानेवारी 2022 ला समुद्रातल्या ज्वालामुखीचा स्फोट झाला, बाहेरच्या जगाशी जोडणारी समुद्राखालची केबल तुटली आणि मुख्य बेटालाही ती परत मिळायला साधारण पाच आठवडे लागले, लांबच्या बेटांना त्याहून खूप जास्त. विजेचंही तसंच. सप्टेंबर 2017 मध्ये मारिया वादळ प्वेर्तो रिकोवर आदळलं, आणि ते काही एवढंसं बेट नाही, तरी शेवटच्या घरांपर्यंत वीज परत पोचायला जवळपास 11 महिने गेले. आमच्याकडे इतकं मोठं कधी झालं नाही, पण दोन-तीन दिवस लाइन नाही आणि तिकडे क्लायंट वाट बघतोय हे नेहमीचं होतं. पाण्याचं थोडक्यात सांगते, लहान सखल बेटावर जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, विहिरीतून जास्त उपसलं की खालून खारं वर येतं आणि मग पावसाची टाकी हाच आधार. टाकी किती मोठी आहे हे घर बघताना पहिल्यांदा विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आजारपण. तिसऱ्या वर्षी नवऱ्याला डेंग्यू झाला, दुसऱ्यांदा. डेंग्यूचे चार प्रकार असतात, एकदा होऊन गेला आणि पुढच्या वेळी वेगळ्या प्रकारचा झाला तर तो जास्त गंभीर होण्याची शक्यता असते, आणि फसवं म्हणजे धोका बऱ्याचदा ताप उतरताना सुरू होतो. चौथ्या दिवशी ताप उतरला, मला हायसं वाटलं, आणि त्याच संध्याकाळी पोटात जोरात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात. दवाखान्यातल्या नर्सबाई फार चांगल्या होत्या, त्यांनी सलाइन लावलं पण रक्तपेढी तिथं नव्हती, आणि बाहेर असा पाऊस की विमान उतरणार नाही. मी रात्रभर त्याचा हात धरून बसले आणि मनात फक्त पहाट कधी होते एवढंच चाललेलं. सकाळी दहाला आभाळ उघडलं आणि विमान आलं. तो वाचला. पण आणखी एक दिवस पाऊस राहिला असता तर, हा विचार अजून मला रात्री जागं करतो. म्हणून विमानाने हलवण्याचा खर्च देणारा विमा घेतल्याशिवाय जाऊ नका, त्यातल्या अटी वाचा, आणि अंगात ताप असताना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, डेंग्यू असेल तर त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

हेच अंतर उलट्या दिशेनेही असतं. माझे बाबा गेले तेव्हा फोन आला रात्री, पुढची बोट दोन दिवसांनी, मग मुख्य बेटावरून विमान, मग तिथून पुढचं. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईने काही म्हटलं नाही. तुमचे आईवडील वयस्कर असतील तर हा हिशोब आत्ताच, दोघांनी मिळून करा, पैशांचा नाही, तासांचा करा.

माणसांबद्दल एक सांगायचंय. बाहेरून येऊन राहिलेले आमचे मित्र दर वर्षी कमी व्हायचे, कोणाचं काम संपलं, कोणाचं मूल शाळेच्या वयाचं झालं. पहिले निरोप रडून दिले, नंतर नवीन आलेल्यांशी ओळख करायलाच मन धजेना. तेव्हा मला तिथल्या मूळ लोकांचं वागणं समजलं. ते आमच्याशी प्रेमाने बोलायचे पण जरा राखून, कारण त्यांनी आमच्यासारखे कितीतरी येताना-जाताना बघितलेत, आणि आमच्यासारख्यांमुळेच घरभाडी वाढून त्यांची मुलं बेट सोडतात हेही त्यांना दिसत असतं. त्यांचं चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही. त्यांची भाषा शिका, पहिल्या दिवसापासून. शेजारच्या काकूंनी मला घरात बोलावलं ते मी त्यांच्या भाषेत मोडकंतोडकं बोलायला लागल्यावरच. आणि जमिनीचा कायदा आधी बघा, फिजीत बहुतेक जमीन मूळ रहिवाशांच्या समाजाची आहे आणि ती विकत मिळत नाही, भाडेपट्ट्यानेच मिळते, थायलंडमध्येही परदेशी माणसाला आपल्या नावावर जमीन सहसा घेता येत नाही.

मी जाऊ नका म्हणत नाहीये. पण तुम्ही दोन्ही वेळा कोरड्या मोसमात गेला असणार, सुट्टीला सगळे तेव्हाच जातात. आता एकदा पावसाच्या मोसमात जा, हॉटेलात नाही, भाड्याच्या घरात तीन महिने राहा, तिथूनच ऑफिसचं काम करा आणि त्यातली एक बोट तरी चुकू द्या. आणि घर बघायला जाल तेव्हा समुद्राकडची खिडकी नंतर उघडा, आधी कपाट उघडा, आत मागच्या भिंतीवर हात फिरवा आणि हाताला काय लागतं ते बघा.