निकालपत्राचा शेवटचा परिच्छेद

प्रिय,

फुटपाथवरच्या झोपड्या हटवण्याबाबतच्या ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या खटल्यावरचे तुझे टिपण काल दोनदा वाचले. उपजीविकेचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या हक्कातच सामावलेला आहे, हे घटनापीठाचे प्रतिपादन तू नेमके मांडले आहेस. मात्र टिपण तिथेच थांबते, आणि फुटपाथवर राहणारी माणसे हा खटला जिंकली असा वाचकाचा समज होतो. ती जिंकली नव्हती.

१३ जुलै १९८१ रोजी, ऐन पावसाळ्यात, तत्कालीन मुख्यमंत्री अंतुले यांनी या लोकांना मुंबईबाहेर पाठवण्याची घोषणा केली. उच्च न्यायालयात अर्जदारांच्या वतीने अशी कबुली दिली गेली की, फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही आणि १५ ऑक्टोबरनंतर पाडकामाला अडथळा आणणार नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयात महापालिकेने याच कबुलीवर बोट ठेवले, तेव्हा सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी १० जुलै १९८५ च्या निकालपत्रात स्पष्ट केले की मूलभूत हक्क कोणालाही सोडून देता येत नाहीत आणि म्हणून त्या हक्कांविरुद्ध एस्टॉपेलचा, म्हणजे ‘आधी कबूल केलेस, आता मागे फिरता येणार नाही’ असा, बचाव चालत नाही. तुझ्या टिपणात यावर एक ओळही नाही. मला तर हा मुद्दा उपजीविकेच्या मुद्द्याइतकाच मोलाचा वाटतो, कारण छप्पर वाचवण्यासाठी काही महिन्यांची मुदत मागणारा माणूस त्या बदल्यात काय लिहून देतो आहे, याचा विचार करण्याच्या स्थितीतच नसतो.

आता कलम ३१४ पाहा. १८८८ च्या महापालिका अधिनियमातील हे कलम आयुक्तांना नोटीस न देता अतिक्रमण हटवू देते. न्यायालयाने ते रद्द केले नाही. नोटीस टाळण्याची मुभा अपवादापुरतीच आहे, एरवी बाजू ऐकून घेतलीच पाहिजे, असा त्याचा अर्थ लावला. आणि लगेच पुढे असेही म्हटले की अर्जदारांचे म्हणणे आम्ही स्वतःच सविस्तर ऐकले आहे, तेव्हा प्रकरण आयुक्तांकडे परत पाठवण्याची गरज नाही. सुनावणीचे इतके महत्त्व सांगून झाल्यावर ती याच रीतीने संपावी, हे मला आजही पटत नाही. तुझे मत वेगळे असेल तर तसे लिही, पण हा परिच्छेद गाळू नकोस.

अखेरचा आदेश असा आहे: ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत झोपड्या हटवू नयेत, त्यानंतर हटवता येतील. १९७६ च्या झोपड्यांच्या गणनेत नोंद झालेल्यांना मालाडजवळच्या मालवणीला किंवा अन्य सोयीच्या ठिकाणी जागा द्यावी, परंतु ती देणे ही हटवण्याची पूर्वअट नव्हे.

टिपण पुन्हा लिहिताना आदेश आधी मांड आणि मग तत्त्वाकडे ये. त्यातही अर्जातील वस्तुस्थिती वगळू नकोस. संगमनेरहून १९६९ साली आलेला एक चर्मकार त्यात आहे. गावचे घर पडल्यावर तो मुंबईत बदली कामगार झाला आणि तुळशीवाडीच्या फुटपाथवरच्या जागेसाठी त्याने तिथल्या गुंडाला ३०० रुपये मोजले. न्यायालयाने हे निकालपत्रात नोंदवून ठेवले आहे. तुझ्या टिपणात फक्त ‘याचिकाकर्ते’ आहेत.

नवा मसुदा शनिवारपर्यंत पाठव. निकालपत्र शेजारी ठेवून वाचेन.

तुझी,
जुनी सहकारी