आरएस-४८५ वर पोलिंग वाढवलं की बीएमएसची रीडिंग का बिघडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १५ सेलचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी पॅक, त्याच्या बीएमएसमध्ये (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटमध्ये) सेल मोजणारी बीक्यू७६९४० चिप, बाहेर ९६०० बॉडची (सेकंदाला ९६०० बिट) आरएस-४८५ ही सीरियल बस. मास्टर, म्हणजे बसवरून रीडिंग मागणारा कंट्रोलर, सेकंदाला एकदा विचारायचा (हेच पोलिंग) तोवर सगळं ठीक होतं. आता तो दर १०० मिलिसेकंदांनी विचारतो, तर सेल व्होल्टेज ३-४ मिलिव्होल्ट नाचतात आणि एसओसी (बॅटरीत किती टक्के चार्ज उरला तो आकडा) भलतीकडेच जातो. माझ्या मते हे दोन वेगळे बिघाड आहेत. एकच समजून शोधत बसलात तर एकही हाती लागणार नाही.

आधी एसओसी, कारण नुकसान तिथे जास्त आहे. ही चिप करंट सलग २५० मिलिसेकंद मोजते, आकडा रजिस्टरमध्ये ठेवते आणि नवा आकडा तयार असल्याचं सांगणारा सीसी-रेडी बिट वर करते. म्हणजे सेकंदाला नवे आकडे चारच. तुमच्या वर्णनावरून कोड असा दिसतो: मास्टरचा प्रश्न आला की चिप वाचायची, करंट एसओसीच्या बेरजेत मिळवायचा, उत्तर पाठवायचं. सेकंदाला एकदा वाचत होतात तेव्हा चारातले तीन आकडे वाया जात होते. लोड स्थिर असल्यामुळे ते लक्षात आलं नसेल. आता दहा वेळा वाचता, म्हणून तोच आकडा दोन-तीनदा बेरजेत जातो. प्रत्येक वाचन २५० मिलिसेकंदांचं धरत असाल तर हिशेब सरळ अडीचपट फुगतो.

उपाय एकच: चिप कधी वाचायची हे मास्टरने ठरवता कामा नये. चिपच्या अलर्ट पिनवर इंटरप्ट घ्या (म्हणजे चिपच इशारा देईल), सीसी-रेडी दिसला की करंट एकदाच वाचा, बेरजेत टाका, मग बिट पुसा. पुसताना स्टेटस रजिस्टरमध्ये हेक्स ८० लिहा. हेक्स एफएफ लिहिलंत तर ओव्हरव्होल्टेजसारखे फॉल्टही न बघता पुसले जातात, आणि हे फार कोडमध्ये दिसतं. त्याच वेळी सगळे सेल एका ब्लॉक-रीडमध्ये (एकाच सलग वाचनात) वाचून मेमरीत ठेवा. बसवर फक्त ही साठवलेली प्रत जाऊ द्या, सोबत ती किती मिलिसेकंद जुनी आहे तेही पाठवा.

आता नाचणारे व्होल्टेज. सगळे सेल नाचतात की फक्त सर्वात खालचा, हे आधी बघा. फक्त खालचाच असेल तर दोष ग्राउंडच्या वायरिंगचा. बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहम टर्मिनेशन (टोकाचा रेझिस्टर) असेल तर ड्रायव्हरवर, म्हणजे बसवर सिग्नल पाठवणाऱ्या भागावर, ६० ओहमचा भार येतो. २ व्होल्टला साधारण ३३ मिलिअँपिअर. हा करंट खालच्या सेलच्या सेन्स वायरमधूनच (व्होल्टेज मोजायच्या वायरमधूनच) परत जात असेल आणि वायर-कनेक्टर मिळून ०.१ ओहम असतील, तर ३.३ मिलिव्होल्ट तिथेच पडतात आणि तो सेल तेवढा कमी दिसतो. तुमचा आकडा नेमका याच घरातला आहे. ९६०० बॉडला ६० बाइटचं उत्तर जवळजवळ ६२ मिलिसेकंद चालतं. चिपची सेल मोजायची खिडकी ५० मिलिसेकंदांची. उत्तर कधी त्या खिडकीत पडतं, कधी बाहेर, म्हणून आकडा स्थिर चुकत नाही, नाचतो. एलएफपीच्या सपाट पट्ट्यात (जिथे चार्ज बदलला तरी व्होल्टेज फारसं बदलत नाही) ३ मिलिव्होल्ट म्हणजे किरकोळ चूक नव्हे; व्होल्टेजवरून एसओसी दुरुस्त करत असाल तर तो चांगलाच हलतो.

खात्री करायला फर्मवेअरमधून ड्रायव्हर सतत चालू ठेवा आणि खालचा सेल मल्टिमीटरने थेट टर्मिनलवर मोजा. मीटर स्थिर आणि चिपचा आकडा खाली बसलेला दिसला, तर ट्रान्सीव्हरचं (ड्रायव्हर ज्यात असतो त्या आरएस-४८५ चिपचं) ग्राउंड जाड वेगळ्या वायरने पॅकच्या निगेटिव्हला न्या.

सगळेच सेल नाचत असतील तर प्रत्येक व्होल्टेजच्या आकड्याचा वरचा आणि खालचा बाइट वेगवेगळ्या वेळी वाचला जात नाही ना, हे तपासा. त्यात मात्र उडी मोठी, ९७-९८ मिलिव्होल्टची येते, त्यामुळे तुमच्याकडे ती शक्यता कमी वाटते.

पोलिंग सुरक्षिततेसाठी वाढवलं असेल तर परत सेकंदावर आणा. शॉर्ट सर्किट, ओव्हरकरंट, ओव्हर आणि अंडरव्होल्टेज ही संरक्षणं चिप स्वतःच सांभाळते. तुम्ही लिमिट नीट सेट केल्या असतील तर मास्टरने विचारण्याची ती वाट बघत नाही.