गावात शेळ्यांच्या विषाणूजन्य रोगांवर कमी खर्चात लक्ष कसं ठेवायचं? अ‍ॅप उपयोगी पडेल का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी माहिती हवी आहे, गावं आडबाजूची आहेत, लॅब लांब, डॉक्टर एक आणि गावं पंधरा, तर मोबाइल अ‍ॅपवर भागेल का. अ‍ॅपचं नंतर बोलते. मी कळंब तालुक्यातली, धाराशिव जिल्हा. वीस-बावीस शेळ्या सांभाळते आणि गावात पशुसखी म्हणून, म्हणजे जनावरांची प्राथमिक काळजी घ्यायला शिकवलेली बाई म्हणून, काम करते. पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग, माझ्या स्वतःच्या गोठ्यातून गेलेला आहे, म्हणून आधी ते सांगते.

२०१८ ची दिवाळी झाली आणि आम्ही बाजारातून दोन पाठी, म्हणजे तरुण शेळ्या, आणल्या. उस्मानाबादी, काळ्याभोर, कान लांब. दोन्ही मिळून तेरा हजारांना. आणल्या त्याच संध्याकाळी कळपात सोडल्या, वेगळं बांधायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी गव्हाणीत हरभऱ्याचं भुसकट टाकलं. एरवी सगळ्या तुटून पडतात. त्यातली एक पाठ कोपऱ्यात मान खाली घालून उभी. रवंथ नाही, नाकातून पाणी, कान हातात धरला तर चटका बसावा इतका गरम.

सर्दी असेल म्हणून सोडून दिलं. दोन दिवसांत नाकातलं पाणी घट्ट पिवळं झालं, वाळून नाकपुड्याच बंद झाल्या, तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागली. मी कोमट पाण्यात मीठ टाकून कापसाने नाक मोकळं करायचे, तासाभरात परत बंद. ओठ उलटून पाहिला तर हिरड्यांवर बाजरीचा ओला कोंडा चिकटवल्यासारखा थर, आणि वास असा की ओढणी नाकाला लावूनही जवळ बसवेना. घरात सगळे म्हणाले मावा आहे, शेळ्यांच्या तोंडाला होणारा तो नेहमीचा रोग. मीही म्हणाले मावा आहे. बोरोग्लिसरीन लावत बसले. मग हगवण सुरू झाली, शेपटीपासून मागच्या खुरांपर्यंत सगळं भरलेलं. आठवड्याभरात नऊ शेळ्या तशाच.

मावा आणि पीपीआर यातला फरक मला आता झोपेत विचारला तरी सांगेन. माव्यात ओठांवर बाहेरून खपल्या धरतात, शेळी दुखऱ्या तोंडाने का होईना पण खायला बघते, आणि हगवण लागत नाही. पीपीआरमध्ये ताप आधी येतो, मग नाक-डोळे, मग तोंड आतून, मग हगवण आणि धाप. हा क्रम त्या वेळी कुणी सांगितला असता तर माझे पाच दिवस वाचले असते.

आमचा वाडा एकच, शेळ्या वेगवेगळ्या. थोरल्या दिरांच्या दहा, आमच्या तेवीस. मी म्हटलं दवाखान्यात फोन करू. भाऊजी म्हणाले, “डॉक्टर दारात आला की गावभर होईल. मग बाजारात आपल्या शेळीला कोण हात लावणार? आणि तू काय डॉक्टर लागून गेलीस का?” मी दोन दिवस गप्प बसले. त्या दोन दिवसांत बाजार आला आणि त्यांनी खोकणाऱ्या तीन शेळ्या टेम्पोत घातल्या. नाकं पुसून, तोंडं धुऊन. नऊ हजार आले.

तिसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता फोन केला. डॉक्टर आले, ताप १०६ निघाला. मला वाटलं मरायला टेकलेल्या शेळीचा नमुना घेतील. त्यांनी उलट केलं. ज्यांना कालच ताप चढला होता आणि अजून काही औषध दिलं नव्हतं, त्यांच्या नाका-डोळ्यांतून बोळे फिरवले, रक्त घेतलं, बर्फाच्या थर्मासमध्ये घालून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवलं. तापाच्या सुरुवातीला विषाणू नाका-डोळ्यांतून भरभरून बाहेर पडत असतो, उशीर झाला की तो सापडायचा नाही, असं त्यांनी समजावलं. हे तुमच्या प्रोजेक्टमध्ये ठळक लिहा, कारण लोक नेहमी शेवटच्या घटकेला फोन करतात. रिपोर्ट आला तोवर माझ्या तेवीसातल्या अकरा गेल्या होत्या आणि दोन गाभडल्या होत्या. चुना टाकून पुरल्या. ओढ्यात टाकू दिल्या नाहीत, त्यावरूनही भांडण झालं.

विकलेल्या तीनपैकी एक शेळी शेजारच्या गावातल्या एका बाईने घेतली होती. नवरा नाही, पोरगी शाळेत, सहा शेळ्या. पाच मेल्या. मला हे फेब्रुवारीत कळलं, ऊसतोडीला गेलेली एक बाई गावी येऊन गेली तिच्याकडून.

आता तुमचं उत्तर. लक्ष ठेवायला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पक्कं साधन म्हणजे रोज सकाळी गोठ्यात उभी राहणारी बाई, दीडशे रुपयांचा थर्मामीटर आणि एक वही. शेळीचा ताप १०४ च्या वर गेला, सोबत नाक वाहतंय, आणि एकाच आठवड्यात अशा दोन किंवा जास्त शेळ्या दिसल्या, तर त्याच दिवशी फोन. दवाखान्यात लागत नसेल तर १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनवर. बाकी निदान डॉक्टर करतील. बुळकांडी हा गुरांचा रोग पीपीआरच्याच विषाणूच्या घराण्यातला. २०११ मध्ये तो जगातून संपल्याचं जाहीर झालं, आणि इथिओपियाच्या अफार भागात तर पशुपालकांतलेच लोक शिकवून त्यांच्या हातून लस पोचवली होती. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे सांगितलं तेव्हा मला रडू आलं होतं. पीपीआरही २०३० पर्यंत संपवायचं जागतिक उद्दिष्ट आहे. ते आमच्यासारख्यांना सोबत न घेता होणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

अ‍ॅप वाईट नाही. पण अ‍ॅपला कळतं ते कुणीतरी सांगितल्यावर. रोग पसरला तो आमच्या घरात थर्मामीटर नव्हता म्हणून नव्हे, आम्ही तोंड बंद ठेवलं म्हणून. रोग कळवणं हा काही उपकार नाही. २००९ चा केंद्राचा कायदा आहे, त्याच्या यादीतल्या (अनुसूचित) रोगाचा संशय आला तर मालकाने कळवलंच पाहिजे, आणि पीपीआर त्या यादीत आहे. भाऊजी आजही म्हणतात की मी फोन केला म्हणून त्यांच्या उरलेल्या शेळ्यांना भाव मिळाला नाही. त्यांना माझं एकच म्हणणं आहे: तुमच्या सातातल्या चार मेल्या त्या फोनने नाही मेल्या. फोन दोन दिवस आधी झाला असता तर आजूबाजूच्या वस्त्यांवर लस आधी पोचली असती. ती पोचली तिथे एकही शेळी गेली नाही.

लसीचं थोडक्यात. सरकारी दवाखान्यात मिळते, एकदा टोचली की किमान तीन वर्षं पुरते, करडं तीन महिन्यांची झाली की द्यायची. आजारी कळपात टोचून आजार बरा होत नाही. विरघळवलेली बाटली बर्फात ठेवून दोन-तीन तासांत संपवावी लागते, म्हणून सगळ्यांनी शेळ्या एका जागी आणून ठेवायच्या, डॉक्टरांना घरोघर फिरवायचं नाही.

आणि रक्त तपासून सर्वेक्षण करणार असाल तर एक अडचण लक्षात ठेवा. लस दिलेली शेळी आणि रोगातून उठलेली शेळी, दोघींच्या रक्तात प्रतिपिंडं (विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं) सापडतात आणि नेहमीच्या चाचणीत ती वेगळी ओळखू येत नाहीत. कुठल्या शेळीला कधी लस दिली हे लिहिलेलं नसेल तर तुमच्या आकड्यांना अर्थ राहणार नाही. म्हणून कानातला बारा अंकी बिल्ला वहीत लिहायचाच. बिल्ल्याने कान चिघळतो म्हणून बायका नको म्हणतात. पहिले आठ दिवस हळद-तेल लावा, चिघळत नाही.

हेही सांगते की मी डॉक्टर नाही. एक शेळी खोकली म्हणजे पीपीआर नव्हे, थंडीत फुफ्फुसदाह होतोच. पीपीआर माणसाला होत नाही, त्याची भीती घालू नका. आणि लोक लपवतात ते दुष्टपणाने नाही. मला अकरा शेळ्यांची एक रुपयाही भरपाई मिळाली नाही, विमा नव्हता. ज्याची वर्षाची फी आणि दवाखाना शेळीवर चालतो, त्याला ‘कळवा’ म्हणताना हातात काहीतरी द्यावं लागेल. हे मी भाऊजींच्या बाजूनेही लिहितेय. पण खोकणारी शेळी दुसऱ्याच्या गळ्यात घालणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

तुमच्या फॉर्ममध्ये ताप, नाक, तोंड, हगवण, मेलेल्या किती, हे रकाने असतीलच. दोन वाढवा: नवीन जनावर कुठून आणलं आणि एकवीस दिवस वेगळं बांधलं का, आणि गेल्या महिन्यात विकलं ते कुठे गेलं. दुसरा रकाना भरून घेताना लोक तुमच्याकडे बघणार नाहीत. थांबा, चहा प्या, परत विचारा. मी वही सुरू केली तेव्हा पहिलं पान मागच्या तारखेने भरलं. तीन शेळ्या, बाजाराचं नाव, नऊ हजार, आणि समोर त्या बाईच्या गावाचं नाव.